दोन्ही प्रोजेक्टर पिवळे

उमेळे, वसई
रविवार, १३ नोव्हेंबर २००५

प्रिय सेबी,

या वेळी माझं तुझ्याकडे काम आहे, म्हणून खुशालीचे चार शब्द आधी उरकून घेते. पपांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा महिनाभर घालायचा होता, पण पपांना तो इतका आवडलाय की उतरवतच नाहीत. वाडीत केळींना पाणी लावतानाही चष्मा, मिस्सेला फादरांसमोरही चष्मा. आपला रेमंड, काकांचा, त्यांना हिरो म्हणून हाक मारतो. जेवण मात्र कमी झालंय. आय गेल्यापासून तोंडाला चव नाही म्हणतात. स्वयंपाक माझा असतो, त्यामुळे मलाही फार बोलता येत नाही.

आता काम. आमच्या सातिवलीच्या कंपनीत जुलैच्या पुरात खालचा मजला बुडाला, त्यात जुना प्रोजेक्टरही गेला. मशीनं वाचली हेच खूप. आता जितेंद्रसरांनी वरच्या मजल्यावर नवी मीटिंग रूम बांधायला काढली आहे आणि त्यांच्या डोक्यात एकच आहे की त्या खोलीत वायर दिसता कामा नये. मागे एका पाहुण्याचा पाय वायरीत अडकून चहाचा ट्रे त्याच्याच अंगावर पडला होता. मार्चमध्ये जर्मनीचे लोक आमची औषधाच्या गोळ्या भरायची मशीनं बघायला येणार आहेत. त्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून बसल्या जागी बटण दाबायचं आणि भिंतीवर चित्र यायचं, असं सरांना हवंय. आणि हा प्रोजेक्टर निवडायचा कोणी, तर परचेसमधल्या रिटाने.

मी सरांना म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, कळून घ्या, तुमचा भाऊ जहाजावर तेच करतो ना. मग म्हणाले, हे नीट जमलं तर एप्रिलपासून पर्मनंट. तीन वर्षं मी टेंपररी आहे सेबी. चुकीची वस्तू घेतली तर तीही नोकरी जाईल. म्हणून नीट, सावकाश, मला कळेल अशा मराठीत लिही.

ई-मेल कर म्हणू नकोस. ऑफिसातून केला तर आख्खं ऑफिस वाचतं, आणि पपांना कागदच लागतो. तुझं पत्र आलं की रविवारी दुपारी मी मोठ्याने वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात. मिटतात असं मी धरून चालते, चष्म्यामुळे दिसत नाही.

तुझी बाय,
रिटा


जहाजावरून
४ डिसेंबर २००५

प्रिय बाय,

पपांना आधी सांग की हिरोंनी जेवायला पाहिजे, नाहीतर पिक्चर पडतो.

आता तुझी शिकवणी. आमच्या या सहलीच्या जहाजावर मी सांभाळतो त्या हॉलमध्ये आठवड्याला दोन तरी कंपन्या मीटिंगा घेतात. समुद्र बघायला येतात आणि पडदे लावून बसतात. त्यामुळे यातलं जे काही आहे ते माझ्या हाताखालून गेलंय.

पहिलं, उजेड. तो ल्युमेनमध्ये मोजतात. तुमच्या खोलीला खिडक्या आहेत आणि लोक दिवे चालू ठेवून लिहून घेणार, म्हणजे अडीच हजाराच्या खालचा बघूच नकोस. दुसरं, बिनवायरचं. त्यात चित्र हवेतून येतं ते खरं, पण आकडे, नकाशे, फोटो छान येतात आणि व्हिडिओ अडखळतो. जर्मन लोक चालत्या मशीनचा व्हिडिओ मागणारच. म्हणून सरांना न सांगता भिंतीच्या आतून एक वायर टाकून ठेव. अडचणीच्या दिवशी तेच तुझा जयजयकार करतील. तिसरं, आत एक दिवा असतो, तो काही तासांनी मरतो. नवा कुठे मिळतो आणि किती दिवसांत मिळतो ते आधी विचार. चौथं, पंख्याचा आवाज. जवळ बसून ऐक.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. विकायला येणारा आपले फोटो घेऊन येतो. पोपट, फुलं, बर्फाचे डोंगर. ते कुठल्याही डबड्यावर सुंदरच दिसतात. तू खरा पोपट कधी निरखून पाहिलायस की त्याचा रंग चुकला हे तुला कळेल? म्हणून तू आपला फोटो लाव. रोज बघतेस अशा माणसाचा चेहरा. त्यात मशीनने जराही लबाडी केली तरी तुला लगेच कळेल. मी इथे नवीन मशीन आलं की पपांचा आणि आयचा फोटो लावतो. माझा फिलिपिनो जोडीदार आता त्यांना ओळखतो.

माझं कॉन्ट्रॅक्ट २० एप्रिलला संपतं. आमचा हॉलचा मुख्य सोडून जाणार अशी कुजबुज आहे. त्याच्या जागी माझं नाव घेतात. पपांना सांग, पण रेमंडला नको, तो पार्टी मागेल.

सेबी


उमेळे
रविवार, ८ जानेवारी २००६

प्रिय सेबी,

तुझ्या शिकवणीचा असा उपयोग केलाय की ऐकून खूश होशील.

रेमंडच्या मुलीचा बाप्तिस्मा २७ तारखेला झाला. रिचेल नाव ठेवलं. पपांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि फोटोपुरता चष्मा काढला. रेमंडच्या नव्या कॅमेऱ्यावर काय सुंदर फोटो आला आहे. तोच मी सीडीवर घेतला आणि ठरवलं, हाच लावायचा. पपांचा चेहरा मी रोज बघते.

गुरुवारी पहिला माणूस आला, नालासोपाऱ्याचा, शत्रुघ्न नावाचा. बिनवायरचं जोडायला त्याला पाऊण तास लागला. घामाने भिजला बिचारा. त्याचे पोपट वगैरे झाले आणि मी सीडी दिली. सेबी, पपा सहा फूट उंच भिंतीवर, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. चेहराही तसाच, जुन्या कागदासारखा. शत्रुघ्नने दहा बटणं दाबून पाहिली. मग म्हणतो, मॅडम, फोटोच तसा असेल. मी म्हटलं, माझ्या वडिलांना मी रोज बघते की तुम्ही? सगळ्यांसमोर बोलले. तो वायरी गुंडाळून गेला.

शुक्रवारी दुसऱ्या कंपनीचा आला. त्याचं चटकन जोडलं गेलं, पंखाही शांत. पण फोटो लावला तर तोच पिवळेपणा. गंमत म्हणजे बाळाचा झगा दोन्हीकडे पांढराशुभ्र, मागची भिंतसुद्धा पांढरी, फक्त पपाच पिवळे. म्हणजे यांच्या मशीनांना माणसाच्या कातडीचा रंगच येत नाही. तसं मी सरांना लेखी दिलं. दोन्ही नापास, कारण रंग. सर म्हणाले, तुमची नजर बारीक आहे हो. मी त्या दिवशी हवेतच होते. आता तिसरी कंपनी शोधतेय. तुझ्या माहितीत कुठली आहे का ते लगेच लिही.

बाकी ठीक. पपांना अंगभर खाज सुटते. वाडीत कुयली फार झाली आहे, तिचीच लव लागत असणार. मी खोबरेल तेल देते. रात्री दोन घास भात खातात आणि लवकर झोपतात. तुझी बातमी ऐकून म्हणाले, पोरगा मोठा सायब होतोय, त्याला कोनी मधेच हाक मारू नका.

तुझी बाय


जहाजावरून
२८ जानेवारी २००६

बाय,

हे पत्र पपांना वाचून दाखवू नकोस.

प्रोजेक्टर राहू दे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकच चूक करत नाहीत. आणि बाळाचा झगा पांढरा दिसत असेल तर मशीन बरोबर आहे. मशीनं दोन्ही बरोबर आहेत. पपांना डॉक्टरकडे ने. आज. चष्मा काढून दारात उभं कर आणि उन्हात डोळे बघ.

परवा बंदर लागेल. उतरलो की आधी फोन करीन आणि मग हे पत्र टाकीन, म्हणजे हे पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहितोय, कारण दोन दिवस नुसतं बसवत नाही. तुझं पत्र ८ तारखेचं आहे आणि मला काल, जहाज बंदरातून सुटल्यावर मिळालं. वीस दिवस ते कुठल्या तरी पोत्यात पडून होतं.

सेबी


उमेळे
रविवार, १२ फेब्रुवारी २००६

प्रिय सेबी,

फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहिते, म्हणजे तुझं समाधान होईल. साधी कावीळ आहे. डॉक्टरांनी औषध दिलंय, पथ्य दिलंय, उसाचा रस चालू आहे. तू पत्रात काय लिहिलंयस ते अजून आलं नाही, पण आता त्याची काळजी करू नकोस. तू फोन केलास तेव्हा ते मिस्सेला गेले होते, नाहीतर बोलले असते. तुझी आठवण काढतात.

प्रोजेक्टरचं सांगते. मी शत्रुघ्नला परत बोलावलं आणि माफी मागितली. त्याचाच घेतला. माणूस फार सज्जन आहे. छताला लोखंडी कंस लावून वर बसवून दिला. खाली बसणाऱ्यांची सावली पडू नये म्हणून कुठे लावायचा ते त्यानेच मोजून काढलं. तू सांगितलेली वायर भिंतीतून टाकून घेतली, सरांना पत्ता नाही. दिव्याचं विचारलं, आठ दिवसांत मिळतो म्हणाला. पंख्याचा आवाज ऐकायला खुर्ची खाली सरकवून बसले होते, तर सर म्हणाले, काय प्रार्थना करताय का. चार लॅपटॉप एका वेळी जोडून बघितले. चारही लागले. पडद्याऐवजी भिंतच पांढरी रंगवून घेतली. दोन हात दिले आहेत. रंगाऱ्याने तिसऱ्याची गरज नाही म्हटलं.

आणखी काय लिहू. रिचेल आता हसते. वाडीतली कुयली रेमंडने उपटून काढली.

तुला सुटी जरा लवकर मिळते का रे? काही विशेष नाही, सहज विचारलं. मिळत नसेल तर राहू दे. पपा म्हणतात, कॉन्ट्रॅक्ट मोडू नको.

तुझी बाय


जहाजावरून
५ मार्च २००६

प्रिय बाय, प्रिय पपा,

हे पत्र दोघांना आहे, रविवारी वाच.

फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच जीव भांड्यात पडला होता. आता पत्र वाचून उरलेली धाकधूकही गेली. कावीळ इथे आमच्या एका वेटरलाही झाली होती, दीड महिन्यात ठणठणीत. पपा, तुम्ही तळलेलं खायचं नाही. रेमंड आणून देईल, त्याच्या हातचं घ्यायचं नाही.

बाय, भिंतीतून वायर टाकलीस हे छान केलंस. वर लावलेल्या प्रोजेक्टरची जाळी दर महिन्याला पुसत जा, सातिवलीत धूळ फार.

माझी बातमी अशी की मी आता हॉलचा मुख्य झालो. खांद्यावर एक पट्टी जास्त. नव्या माणसाला शिकवून तयार करेपर्यंत थांबा म्हणाले, म्हणून मी वीस दिवस जास्त थांबायला हो म्हटलंय. १० मेला उतरेन. लवकर सुटीचं तू विचारलंस, पण तूच लिहिलंस की विशेष काही नाही, म्हणून मी वरती बोललो नाही. पपा, एवढे दिवस काढलेत तर आणखी वीस दिवस. आलो की दोघं मिळून वाडी साफ करू.

तुमचा सेबी


उमेळे
रविवार, २६ मार्च २००६

सेबी,

तुझं ५ तारखेचं पत्र परवा आलं, पपांच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेच्या दुसऱ्या दिवशी. मी ते आज, रविवारी दुपारी, मोठ्याने वाचलं. घरात कोणी नव्हतं, तरी वाचलं.

कंपनीच्या एजंटाने तुला १६ तारखेलाच निरोप दिला असं कळलं. तुमचं जहाज भर समुद्रात होतं आणि पुढचं बंदर चार दिवसांवर. इथे चार दिवस थांबवता आलं नसतं. १७ तारखेला दुपारी नेलं. उजवीकडून रेमंडने खांदा दिला, तुझी जागा होती ती. आयच्या शेजारी जागा मिळाली.

आता खरं लिहिते.

१७ जानेवारीला शत्रुघ्न न बोलावता आला होता. बरोबर रंगांच्या पट्ट्यांचा छापील कागद होता. त्याच पट्ट्या प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवल्या, मग तो कागद ताडून बघायला हातात दिला. सगळे रंग जुळत होते. मी काही बोलायच्या आत तो हळूच म्हणाला, मॅडम, रागावू नका, माझ्या काकांचे डोळे असेच झाले होते. मी तशीच अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. पपा केळींत होते. मी त्यांचा चष्मा काढला. उन्हात ते डोळे मी पाहिले आणि तिथेच बांधावर बसले.

सकाळी आठला मी निघते, संध्याकाळी साडेसातला ट्यूबलाइटखाली त्यांना जेवायला वाढते. मी त्यांना रोज बघते म्हणून त्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं होतं.

वसईच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती, पसरलेली. मी विचारलं, डिसेंबरात आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, वाचले नसते, पण पित्ताला वाट करून द्यायला आत प्लास्टिकची नळी लवकर घालता आली असती, खाज आणि त्रास तरी कमी झाला असता. म्हणजे मी मशीन नापास केलं आणि त्यांना तेरा दिवस नुसतं खोबरेल तेल चोळत बसले.

पपांना खाज, लघवीचा रंग, सगळं नाताळच्या आधीपासून कळत होतं. त्यांनी ते चष्म्यामागे ठेवलं. मला म्हणाले, पोरगा येईपर्यंत काढीन मी, तू सांगून त्याला बोलवू नको. हातात रोझरी देऊन माझ्याकडून शब्द घेतला. तू ३० तारखेला फोन केलास तेव्हा ते हॉस्पिटलात होते, मिस्सेला नव्हते. मी कपडे घ्यायला घरी आले होते. १२ तारखेचं पत्र मी त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कंस-बिंस सगळं लिव, म्हनजे त्याला खरं वाटेल.

प्रोजेक्टरची हकीगत मी त्यांना शेवटी शेवटी सांगितली. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते एवढे हसले की नर्स धावत आली. म्हणाले, म्हनजे मशीन पास आनि मी नापास.

८ मार्चला जर्मन लोक आले. व्हिडिओ अडखळला आणि भिंतीतली वायर काढून लावली. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. त्याच दिवशी पर्मनंटचं पत्र हातात दिलं. ते दाखवायला मी हॉस्पिटलात गेले तेव्हा पपा शुद्धीत होते. पत्रावरून बोट फिरवलं, वाचलं नाही. तुला विचारलं त्यांनी. सेबी कुठे पोचला म्हणाले. मी म्हटलं, येतोय.

मी तुझ्याशी खोटं बोलले. फोनवर बोलले आणि पत्रातही लिहिलं. माझ्यामुळे तुला वडील दिसले नाहीत. त्यांचा शब्द होता, पण तोंड माझं होतं. तू मला काय म्हणशील ते म्हण, मी ऐकून घेईन. फक्त काहीतरी लिही.

रिटा


जहाजावरून
गुड फ्रायडे, १४ एप्रिल २००६

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळून सहा दिवस झाले. रोज कागद घेतला आणि ठेवून दिला. मी २८ तारखेला येतोय, लवकर सोडलं त्यांनी. स्टेशनवर येऊ नकोस. मी आधी त्यांच्याकडे जाईन आणि मग घरी.

तू माझी माफी मागितलीस. ती मला घेता येत नाही, आणि का घेता येत नाही ते घरी तुझ्यासमोर बसून सांगायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून इथूनच लिहितो. हे कुरिअरने टाकतोय, माझ्या आधी पोचेल. वाचून झाल्यावर तुला वाटलं तर २८ तारखेला दार उघड.

जानेवारीत तुझं ते पिवळ्या प्रोजेक्टरचं पत्र वाचलं आणि मी जहाजावरच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, म्हातारा माणूस, जेवण नाही, अंगाला खाज, डोळे पिवळे, पण पोटात दुखल्याचं पत्रात कुठे नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. दुखत नाही हे दोनदा विचारलं. मग म्हणाले, घरी जा. औषधाबद्दल काही बोललेच नाहीत. मला तेव्हाच कळलं. तुला लिहिलेल्या पत्रात मी हे घातलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मला ऑफिसात बोलावलं होतं. मुख्याच्या जागेसाठी दोन नावं होती, माझं आणि त्या फिलिपिनो मुलाचं. जो मधे उतरणार नाही त्याला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, मी उतरणार नाही.

मग बंदरावरून तुला फोन केला. तू म्हणालीस साधी कावीळ. तू म्हणालीस ते मिस्सेला गेलेत. सोमवार होता, बाय. वसईत रात्रीचे साडेदहा वाजले होते. एवढ्या रात्री कुठली मिस्सा? तुझा आवाज इतका मवाळ होता की तशी तू माझ्याशी जन्मात बोलली नाहीस. एकदाही ओरडली नाहीस. मी तुला ओळखतो. तू खोटं बोलतेस हे मला पहिल्या वाक्याला कळलं.

मी एवढंच म्हणायचं होतं की बाय, खरं सांग. तू सांगितलं असतंस. पपांनी हजार शब्द घेतले असते तरी मी विचारल्यावर तू सांगितलं असतंस, हे तुलाही ठाऊक आहे. आणि मग मला यावं लागलं असतं. जानेवारीत. दीड महिना मिळाला असता मला त्यांच्याजवळ.

त्या फोनच्या कार्डावर अजून अकरा मिनिटं होती. मी म्हटलं, बरं झालं, काळजी मिटली, पपांना सांग मी फोन केला होता. मग रिसीव्हर ठेवला आणि वर हॉलमध्ये मीटिंग लावायला गेलो.

तुझा
सेबी